पालथी त्राटिका

मोखाडा, ९ जानेवारी २०२५
जावक क्र. १

चि. अवंती हिस,

आशीर्वाद. रागात असलो तरी ते द्यावेच लागतात, म्हणून आधी देऊन मोकळा होतो.

फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर मी बोलायला लागलो की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही. शिवाय एकतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे, मी धाडलेलं पत्र मिळालंच नाही असं आजवर कुणाला म्हणता आलेलं नाही. पाकीट धनेशच्या जीपमधून पाठवतो. तो रोज जव्हारच्या दोन फेऱ्या करतो. हातात दे, उंबऱ्यावर टाकू नको, असं त्याला बजावलं आहे.

आता त्याच धनेशच्या जीपबद्दल. काल स्टँडवर उभा होतो, तर पुढच्या काचेवरून त्राटिका माझ्याकडे बघते आहे. आपली त्राटिका. तुझ्या पणजोबांनी कागदाच्या लगद्यातून घडवलेला मुखवटा, तुटक्या दातासकट आणि कपाळावरच्या चिरेसकट, तळहाताएवढा स्टिकर करून, चेहऱ्याच्या कडेने कापून काढलेला. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "काका, अवंतीताईनं दिला. मस्त हाय ना? पावसात पन निघत नाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी बाजारात शोधतच फिरलो. दुधाच्या किटलीवर एक. पानाच्या टपरीवर दोन. आणि एक मोटारसायकलच्या सीटवर. सीटवर, अवंती! आणि एक माणूस तिच्यावर बसून सुपारी चघळत होता.

तू जव्हारला वाढलीस म्हणून तुला माहीत नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या आळीच्या बोहाड्यात, देवीपुढच्या मुखवट्यांच्या नाचात, सोंगं घराघरात वाटलेली आहेत. कुणाकडे गणपती, कुणाकडे नरसिंह, आपल्याकडे त्राटिका. वर्षातून एक दिवस ती माणसाच्या तोंडावर चढते, उरलेलं वर्ष टोपलीत नागलीचे दाणे पसरून त्यांच्यावर पालथी ठेवतात. पालथी का? कारण रिकाम्या डोळ्यांचं सोंग उताणं ठेवलं तर ते माणूस शोधत राहतं. आणि तू डोळ्यांच्या जागी भोकं पाडून तिला गावभर उताणी चिकटवलीस. किती काढल्यास? शंभर? दोनशे?

याहून वाईट म्हणजे हनुवटीखाली छापलंस, 'भालचंद्राची त्राटिका'. सोंग चढलं की आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, विचारायचंही नसतं. तुझ्या बापाने बावीस वर्षं ते सोंग नाचवलं. मी त्याचा सख्खा थोरला भाऊ, संबळाशेजारी उभा असायचो. एकदाही मी "वा भाल्या" म्हटलं नाही. ते तू छापून विकायला काढलंस.

सगळे परत गोळा कर. उत्तर लेखी पाठव.

तुझा काका,
कांतीलाल


जव्हार, १३ जानेवारी

ती. काकांना नमस्कार. रागात असले तरी करते, म्हणजे फिट्टंफाट झाली.

तुमचं पत्र हातात मिळालं. धनेशने ते आईसमोर दिलं, त्यामुळे मला ते मोठ्याने वाचावं लागलं. सीटवरच्या माणसापर्यंत आले आणि आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती हसत होती की रडत होती हे मी विचारलं नाही.

काका, तुम्ही लिहिता 'विकायला काढलंस'. कसं काढते ते एकदा येऊन बघा तरी. बाबांचं शिलाईचं टेबल अजून खिडकीशीच आहे. ज्या टेबलावर ते खडूने खुणा करून कापड कापायचे, त्याच टेबलावर माझं कापायचं मशीन आहे. मी चित्र काढते, विनाईलवर छापते, वरून पातळ प्लास्टिकचा थर चढवते, म्हणून ते पावसात निघत नाही. मग मशीन चार कोपऱ्यांतल्या खुणा वाचतं आणि त्याचं पातं चेहऱ्याच्या कडेकडेने फिरतं. मध्येच लाईट गेली की पुन्हा सुरू करताना पातं केसभर सरकतं आणि सगळं पान वाया जातं. जव्हारात लाईट किती जाते ते तुम्हाला माहीत आहे. त्राटिकेचं पहिलं पान नीट निघायला मला तीन दिवस लागले.

आणि ती भोकं 'पाडली' नाहीत. प्रत्येक स्टिकरचे दोन डोळे मी सुईच्या टोकाने एकेक करून उचलून काढते. चुकून नाही, मुद्दाम. मी पाच वर्षांची असताना बाबा मुखवटा रंगवत होते. त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला, आतल्या बाजूने. मी त्या दोन भोकांतून सगळं घर बघितलं. तुम्हीही दिसलात, ओसरीवर दाढी करत होतात. त्राटिका म्हटलं की मला तिचा दात आठवत नाही, ती भोकं आठवतात. ती बुजवली तर उरतं काय?

नावाचं म्हणाल तर माझं डोकं तिथेच फिरलं. बावीस वर्षं एक माणूस जव्हारहून येऊन तुमच्या आळीत नाचला आणि गेला. तो गेल्यावर पंचांपैकी दोघं आले, चहा प्यायले, म्हणाले सोंग छान करायचा. नाव कुठेच नाही. देवीच्या देवळातल्या फळीवर पंख्याला वर्गणी देणाऱ्यांचीसुद्धा नावं आहेत. पंखा देणाऱ्याचं नाव चालतं आणि नाचणाऱ्याचं चालत नाही, हा कुठला नियम?

तरी नाव काढते. तुम्ही सांगितलंत म्हणून, पटलं म्हणून नाही. डोळे तसेच राहतील.

आता माझा प्रश्न. गेल्या वर्षी तुम्ही उभे राहिलात आणि तीस पावलांवर खाली बसलात. गुडघ्यांचं काय झालंय ते काकूने आईला सांगितलंय, लपवू नका. यंदा त्राटिकेत कोण? मी उभी राहते. चाल मला येते. बाबा घरात सराव करायचे तेव्हा त्यांच्यासमोर त्राटिकेला भिणारं माणूस म्हणून मीच असायचे.

अवंती


मोखाडा, १७ जानेवारी
जावक क्र. २

चि. अवंती,

पत्र पोचलं. अनुक्रमाने उत्तर देतो.

माझे गुडघे हा तुझा विषय नाही.

देवळातल्या फळीचा विषय पंचांचा आहे.

तू उभी राहणार? मुली सोंग घेत नाहीत. का घेत नाहीत म्हणून वाद घालू नकोस. घेत नाहीत म्हणून घेत नाहीत. तुझ्या आजीने घेतलं नाही, काकूने घेतलं नाही, त्यांचं काही अडलं नाही. उद्या तू म्हणशील संबळही मीच वाजवते. पंधरा किलोचं ओझं खांद्यावर घेऊन दोन तास नाचायचं असतं, कॉम्प्युटरसमोर बसून पातं फिरवण्यासारखं ते नाही.

यंदाची व्यवस्था झालेली आहे. आमचा सुशील ठाण्याहून येईल आणि उभा राहील. रजा काढली आहे. मुखवटा सुस्थितीत आहे. तेव्हा तू काळजी करण्याचं काही कारण उरत नाही.

मोखाड्यात चिकटलेले दहा स्टिकर मी स्वतः काढून आणले. कोमट पाणी आणि भाजी चिरायची सुरी. सीटवरचा काढताना त्या माणसाशी भांडण झालं, तो म्हणाला गाडी माझी आहे. मी म्हटलं, तोंड माझं आहे. सगळे सोबत परत पाठवत आहे. पोच द्यावी.

संक्रांतीचा तिळगूळ आला नाही. तेही नोंदवून ठेवलं आहे.

कांतीलाल


जव्हार, २७ जानेवारी

काका,

पोच देते. दहा नाही, नऊ. पाकीट चिकटवलेलं होतं, तेव्हा धनेशवर ढकलू नका. एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळणारा माणूस दहा लिहून नऊ पाठवतो याची मीही नोंद घेतली आहे.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाही. आज मी खरंच चिडले आहे. परवापर्यंतचं रुसणं होतं.

रविवारी सुशीलदादाला फोन केला, म्हटलं, त्राटिकेसाठी येतोयस, बरं वाटलं. तो म्हणाला, कसली त्राटिका? त्याला रजा नाही. तुम्ही त्याला विचारलेलंच नाही. तो म्हणाला, "बाबांनी विचारलं असतं तर नाहीच म्हणालो असतो, म्हणून विचारलं नसेल."

मग मी धनेशला पकडलं. त्याला वाटलं, मला सगळं माहीतच आहे. पंचांनी तुम्हाला माघी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर घरातलं माणूस आणि घरातलं सोंग दाखवलं नाही, तर त्राटिकेचा मान दुसऱ्या घरी जाणार. आणि ते दुसरं घर कुठलं? तुमच्याच आळीतल्या ऋषिकेशचं. त्याच्या वडिलांनी नाशकाहून फायबरची त्राटिका आणायची तयारी केली आहे म्हणे. तोंडात लाल दिवा लागणारी! बॅटरीवर चालणारी त्राटिका, काका, आणि तुम्ही माझ्या स्टिकरमागे सुरी घेऊन फिरताय.

हे तुम्ही मला का नाही सांगितलं? पणजोबांपासून चालत आलेलं सोंग घरातून चाललंय, आणि तुम्ही 'व्यवस्था झालेली आहे' असं लिहिता! सुशीलदादा नसलेली रजा काढतो, पण मी इथे बावीस किलोमीटरवर हात वर करून बसलेली तुम्हाला दिसत नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी चालेल, पण घरातल्या मुलीच्या तोंडावर नको, असंच ना? मग तसं स्पष्ट लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं, वाचायला सोपं जाईल.

मान गेला तर पुन्हा येत नाही. बाबांचं दुसरं काही शिल्लक नाही काका. टेबल आहे आणि ती आहे.

अवंती


मोखाडा, ३१ जानेवारी
जावक क्र. ३

अवंती,

तू मोठ्या माणसाशी या भाषेत बोलतेस हे भाल्याला आवडलं नसतं. पण तो तुला रागावलाही नसता, हे मला माहीत आहे. त्यानेच तुला लाडावून ठेवलं.

सुशीलबद्दल मी खोटं लिहिलं. मुखवट्याबद्दलही खोटं लिहिलं. आता खरं लिहितो, आणि हे तुझ्या आईला, प्रेमलाला, मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तुझं पहिलं उत्तर आलं त्या दिवशी मी तुझा स्टिकर घेऊन माजघरात गेलो. मला सिद्ध करायचं होतं की तू चेहरा चुकवला आहेस, उजवी भुवई इतकी चढलेली नाही. म्हणून टोपली खाली काढली. वर्षभरात पहिल्यांदा. गेल्या बोहाड्याला मी तिला टोपलीत घातली ती तीस पावलं चालून, मान खाली घालून. नंतर तिच्याकडे बघायची इच्छा झाली नाही. नागली दर दोन महिन्यांनी बदलायची असते, सोबत निरगुडीचा पाला घालायचा असतो. ते भाल्या करायचा. मोखाड्याला आला की चहाच्या आधी टोपली. मला वाटायचं, उगाच कौतुक करतो.

नागली उंदरांनी खाल्ली. नागली संपल्यावर तिला खाल्लं.

पंचनामा पुढीलप्रमाणे. हनुवटी पूर्ण गेली. तुटक्या दातासकट खालचे सगळे दात गेले. डावा गाल, डावा डोळा, डावी भुवई गेली. नाक आहे. उजवा गाल, उजवा डोळा भुवईसकट आणि उजवा कान शाबूत. कानाच्या पाळीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत नऊ इंच, दोनदा मोजलं. कपाळावरची चीर आहे. तीही जशीच्या तशी आहे.

मी खाली बसलो तो तासभर उठलो नाही. एका हातात तिचं उरलेलं तोंड, दुसऱ्या हातात तुझा स्टिकर. भुवई तू बरोबर काढली होतीस.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू तिला सीटवर चिकटू दिलंस. पण ज्याच्या ताब्यात ती होती त्याने तिला उंदरांना खाऊ घातली, आणि हाच माणूस सुरी घेऊन गावात नियम शिकवत होता. पंचांना मी काय दाखवू? ऋषिकेशचा बाप परवा पारावर म्हणाला, "कांतीलालभाऊ, आता किती दिवस टोपली धरून बसणार?" मी त्याला वाटेल ते बोललो. घरी येऊन टोपलीकडे बघितलं आणि त्याचं खरं आहे असं वाटलं. याचाच जास्त संताप आला.

आता त्या चेहऱ्याचा पुरावा एकच उरला आहे, तुझ्या मशीनमध्ये. काही करता येत असेल तर लिही. नसेल तर तसं लिही.

कांतीलाल


जव्हार, ४ फेब्रुवारी

ती. काका,

आईला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या उशीखालून काढून स्वतः वाचलं आणि एवढंच म्हणाली, "भावजींना सांग, निरगुडीचा पाला जव्हारात माझ्या परसात पण होतो. मागायचा होता."

मलाही तुमच्यावर ओरडायचं होतं. नऊ इंच दोनदा मोजलेत ते वाचून जमलं नाही.

करता येतं. बाबांनी शेवटचं रंगवलं तेव्हा मी चौदा फोटो काढले होते, समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून. स्टिकर मी त्यावरूनच काढला. तुमच्या नऊ इंचांवरून सगळं खऱ्या मापात मोठं केलं आणि जाड पुठ्ठ्याचे फर्मे कापले. पुठ्ठा या मशीनला झेपत नाही. एकच रेघ सहा सहा वेळा फिरवली, दोन पाती मोडली. जिवा सुताराला म्हटलं, तुझ्या करवतीने कापून देशील का, तर हसला, म्हणाला, "ताई, एवढी बारीक भुवई माज्या करवतीनं निघल का?" शेवटी निघाली मशीननेच.

सोबतच्या गठ्ठ्यात एकोणीस तुकडे आहेत, सगळ्यांवर आकडे घातलेत. उभे आणि आडवे खाचांत अडकवायचे, म्हणजे डाव्या गालाचा आणि हनुवटीचा सांगाडा उभा राहील. तो उरलेल्या तोंडाला आतून बांधायचा आणि वरून लगदा. तुटका दात तुटकाच कापलाय. तो नीट करायचा मोह तुम्हाला होईल, करू नका.

लगद्यासाठी मी आधी स्टिकरच्या पाठचे कागद भिजवून पाहिले, घरात पोतंभर साठलेत. तीन दिवस बादलीत पडून होते, ढिम्म हलले नाहीत. त्यावर मेणासारखा गुळगुळीत थर असतो, पाणी आत जात नाही. तेव्हा कागद तुमचा घ्या, जुना, खडबडीत.

आणि माझी एक अट आहे. तिचं तोंड मी देते, तर तिच्यात मी उभी राहणार. हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण 'घेत नाहीत म्हणून घेत नाहीत' हे उत्तर चालणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी फर्मे ठेवून घ्या. मी काही ऋषिकेशचा बाप नाही.

अवंती


मोखाडा, १३ फेब्रुवारी
जावक क्र. ४

चि. अवंती,

गठ्ठा पोचला. एकोणीसच्या एकोणीस, मोजून घेतले.

आकडे घालून एवढं सोपं करायची गरज नव्हती, मी पुठ्ठा ओळखतो. तरी अकरा आणि बारा मी उलटे अडकवले आणि एक दिवस तिला दोन गाल एकाच बाजूला होते. काकू घाबरली.

लगद्याला माझ्या जुन्या वह्या भिजवल्या. निवृत्तीच्या वेळी मी माझ्या हातच्या टिपणवह्या घरी आणल्या होत्या, सात होत्या, पाच संपल्या. एकतीस वर्षं जपून ठेवलेलं अक्षर दुसऱ्या दिवशी बादलीत निळ्या पाण्यासारखं सुटलं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. फारसं वाटलं नाही.

पाड्यावरून सुकरी आली होती. तुला आठवत असेल, भाल्याबरोबर मुखवट्याला मेथी लावायला यायची. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं. तिने मेथी वाटली आणि मला दम भरला, "दादा, मेथी दाट घाल. कडू लागली का उंदीर तोंड लावत नाय. गेल्या खेपंला भालादादा नव्हता, कोनी घातलीच नसंल." मी आणखी दोन मुठी घातल्या. एका म्हातारीचं मी ऐकलं हे लिहून ठेवतो आहे, कारण पुन्हा होणार नाही.

तुझी अट मी तिला सांगितली. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. तिचे हात लगद्यातच होते. म्हणाली, "तराटका बाईच हाय ना, दादा? आतापरत बापे नाचले, तं कोनी काय बोलला नाय. आता बाय नाचंल तं काय झाला?"

तीन दिवस मी याचं उत्तर शोधतो आहे. सापडलं नाही, याचा मला फार राग येतो.

काल माघी पौर्णिमा झाली. पंच बसले. मी टोपली नेली आणि झाकण काढलं. ओली होती, रंग नव्हता, पण तोंड पूर्ण होतं. सोम्या पंच जवळ आला, तुटक्या दातावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हीच." फायबरवाले बघत राहिले. मग ऋषिकेशचा बाप म्हणतो, "सोंग ठीक आहे. पण उभं कोण राहणार? नाव सांगा."

अवंती, मी उठून उभा राहिलो. गुडघा कडकन वाजला, सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "माझ्या घरातलं माणूस उभं राहील. नाव? या बोहाड्यात सोंगातल्या माणसाचं नाव विचारायची पद्धत कधीपासून सुरू झाली? मला तारीख सांगा, मी नोंद करून घेतो." पंचांनी पुढचा विषय घेतला. नियम आहे, आणि तो मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आता एक काम कर. मुखवट्याचा डावा डोळा अजून पाडलेला नाही. भाल्याच्या मापाने पाडून चालणार नाही, ज्याला घालायचा त्याला दिसायला हवं. आरशासमोर उभी राहा आणि तुझ्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजून कळव. कशासाठी ते विचारू नकोस.

काका


जव्हार, १४ फेब्रुवारी

काका,

सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. आईने पट्टी धरली. तीनदा मोजलं, तीनही वेळा तेवढंच आलं.

मी काही विचारत नाही. रोज संध्याकाळी गच्चीवर पंधरा किलोचं पोतं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारते आहे. तेही कशासाठी ते विचारू नका.

तिळगूळ सोबत आहे. शिळा आहे.

अवंती


मोखाडा, २६ मार्च
जावक क्र. ५

चि. अवंती हिस आशीर्वाद. या खेपेला न रागावता.

तू सोंगाच्या आदल्या दिवशी आलीस, दुसऱ्या दिवशी जेवून गेलीस. एवढ्या वेळात आपण त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बोलायचं नसतं. प्रेमलाही बोलली नाही, फक्त तुझ्या पानात सारखी पुरणपोळी वाढत राहिली. म्हणून हे लिहितो आहे. लिहायचंही नसतं, पण तेवढा नियम मी मोडतो.

सकाळी उजाडल्यावर त्राटिका निघाली. आपल्या आळीत ती उजेडातच निघते, तिला टेंभा लागत नाही. त्या वेळी आत कोण होतं हे मी लिहिणार नाही. कुणीतरी होतं. मी नेहमीच्या जागी संबळाशेजारी होतो, काठी घेऊन. पहिल्या वळणाला तिने डाव्या खांद्यावरून मागे वळून बघितलं, मग दोन पावलं तिरकी आणि एकदम पुढे झेप. बाया मागे सरकल्या. सरकताना किंचाळल्या. संबळवाला बाबल्या हात न थांबवता माझ्याकडे बघून म्हणाला, "आवो काका, ही तं..." आणि जीभ चावली. पुढचं नाव तो बोलला नाही. पण कुणाचं होतं ते मला कळलं. ती चाल आळीत एकाच माणसाची होती.

तिसावं पाऊल मी मोजलं. ती थांबली नाही. देवळापर्यंत गेली, देवीसमोर टेकली आणि परत नाचत आली.

नंतर ऋषिकेशचा बाप आलाच. कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, लोक म्हणतायत आत बाई होती." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "त्राटिकेत बाई होती, हे तुला आज कळलं?" आळी हसली. तो अजून रागात आहे. राहू दे. मी तीन महिने होतो, त्याने काही होत नाही.

मुखवटा टोपलीत ठेवला. नागली नवी, निरगुडी प्रेमलाच्या परसातली. दर दोन महिन्यांनी पंधरा तारखेला बदलायची, भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

आता शेवटचं. तू जानेवारीत नोंद घेतली होतीस की दहा लिहून नऊ पाठवले. ती चूक नव्हती. धनेशच्या काचेवरचा मी सगळ्यांत शेवटी काढला. गरम पाणी घेऊन सुरी लावली आणि हनुवटीखालचं नाव समोर आलं. तुझ्या बापाचं नाव. बावीस वर्षं त्या संबळाशेजारी उभा राहून जे मी एकदाही मोठ्याने म्हटलं नाही, ते सुरीने खरवडायला निघालो होतो. स्वतःचाच इतका संताप आला की धनेश म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या, मी काडतो." मी त्याला हात लावू दिला नाही. नखाने कडेकडेने सोडवत अर्ध्या तासात अख्खा काढला, कुठे फाटू दिला नाही.

तो टोपलीच्या झाकणाला आतून लावला आहे. पालथा, डोळे खाली, नावासकट.

काका